सफा, मरवा आणि आमची सामाईक विहीर

हजला किंवा उमऱ्याला निघालेला माणूस आधी गावात घरोघर फिरतो. ‘बोललं-चाललं माफ करा, दुआ करतो, तुम्हीही करा,’ असे म्हणून निरोप घेतो. ही रीत आपल्या सगळ्यांच्या परिचयाची आहे. फेब्रुवारी महिन्यात उमऱ्याला निघण्यापूर्वी आम्ही दोघे पती-पत्नीही असेच फिरलो. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आमचे गाव आहे. मुसलमानांची घरे थोडी, पण आम्ही गावभर फिरलो. मशिदीच्या इमामसाहेबांना भेटलो, पाटलांच्या घरी गेलो, पिठाच्या गिरणीवर गेलो. ज्यांच्याशी वर्षानुवर्षे बोलणे नव्हते अशाही एक-दोघांच्या घरी चहा घेतला.

एक घर मात्र सोडले. ते आमच्या अंगणाला लागूनच होते. आमच्या सख्ख्या धाकट्या भावाचे.

कारण सांगायलाच हवे, नाहीतर पुढचे काही समजणार नाही. वडिलांच्या पश्चात जमिनीची वाटणी झाली, पण विहीर एकच. सातबाऱ्यावर निम्मी आमची, निम्मी त्याची. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, चार दिवस आमच्या, चार दिवस त्याच्या. माणचा भाग म्हणजे दुष्काळी मुलूख. पावसाळ्यात विहीर दोघांना पुरते, मार्च उजाडला की तळ दिसू लागतो. आम्ही डाळिंब लावले. बहर धरला की बागेला पाणी द्यावेच लागते. म्हणून आम्ही आधीच्यापेक्षा जास्त ताकदीची मोटर बसवली. पाळी आमची चारच दिवसांची राहिली, पण चौथ्या दिवशी विहिरीत गाळ तेवढा उरू लागला. भाऊ आधी बोलला, मग भांडला, मग त्याने कोर्टात दावा लावला. आम्हीही वकील दिला. सहा वर्षे झाली. एका अंगणात राहून दोन ईदी वेगवेगळ्या होऊ लागल्या.

अम्मा आमच्याकडे राहायची. रोज तहज्जुदला उठायची. तिची दुआ आम्हाला पाठ झाली होती, कारण ती मोठ्याने मागायची. माझ्या दोन्ही लेकरांना पुन्हा एका ताटावर बसव, एवढेच ती अल्लाहकडे मागायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मातीला दोघे भाऊ होतो, पण एका बाजूने तो आणि दुसऱ्या बाजूने आम्ही. अम्माची दुआ कबूल झाली नाही, असे त्या दिवशी आम्हाला वाटले. खरे सांगायचे तर त्यानंतर दुआ मागताना मनात एक बारीकसा प्रश्न उरायचा. चाळीस वर्षे पाच वक्त नमाज पढणाऱ्या त्या बाईचे ऐकले गेले नाही, तर आमचे काय ऐकले जाणार?

अम्माने शेळीच्या दुधाचे आणि अंड्यांचे पैसे गाठोड्यात बांधून ठेवले होते. उमऱ्याला जायचे म्हणून. त्यात आम्ही आमची भर घातली आणि निघालो. आधी स्वतःचा उमरा करायचा, मग एक अम्माच्या नावाने, असे ठरवले.

सोबत एक शंभर पानी वही होती. ज्याने त्याने आपली दुआ सांगितली, ती आम्ही नावासह लिहून घेतली. कुणाच्या मुलाला नोकरी, कुणाचे गुडघे, कुणाचे कर्ज. शेजारच्या आक्का म्हणाल्या, “माझ्या लेकीची कूस उजवू दे, एवढं तुमच्या अल्लाला माझ्या वतीनं सांगा.” तेही लिहिले. शेवटच्या पानावर आमची स्वतःची दुआ होती. विहिरीच्या दाव्याचा निकाल आमच्या बाजूने लागावा.

निघताना जीपजवळ गर्दी झाली. त्या गर्दीतून भावाची नऊ वर्षांची लेक पुढे आली. “मोठे अब्बा, माझी पण दुआ लिहायची,” म्हणाली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आम्ही वही आणि पेन तिच्याच हातात दिले. तिने जीपच्या बॉनेटवर वही ठेवून दोन ओळी लिहिल्या, वही मिटली आणि पळाली. आम्ही ते वाचले नाही.

* * *

मुंबईहून जेद्दाहला विमानाने साडेपाच तासांच्या आसपास लागतात आणि तिथून मक्का सुमारे ऐंशी किलोमीटर. मोटारीच्या खिडकीतून दिसत होते ते फक्त उघडे, काळपट डोंगर. माणच्या माणसाला उजाड माळाची सवय असते, पण तेही डोंगर पाहून आम्ही गप्प झालो. आमच्याकडे निदान कुसळे तरी उगवतात. मक्केत वर्षाला सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमचा दुष्काळी तालुकासुद्धा याच्या कितीतरी पुढे. हजरत इब्राहीम (अलै.) यांनी आपल्या दुआमध्ये या जागेचे वर्णन शेती न पिकणारी दरी असे केले, ते कुरआनात आपण वाचतो. वाचणे वेगळे आणि त्या दरीत उभे राहणे वेगळे.

काबागृहावर पहिली नजर पडली तेव्हा काय वाटले ते लिहिता येणार नाही, आणि ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते सांगायला नको. तवाफ झाला, मकाम-ए-इब्राहीमच्या मागे जागा मिळेल तिथे दोन रकात पढल्या, झमझम प्यालो आणि सईसाठी सफाकडे वळलो.

सफा आणि मरवा या एकेकाळी दरीच्या दोन अंगांना असलेल्या लहान टेकड्या. आज त्या हरमच्या इमारतीच्या आतच आहेत. मधला रस्ता संगमरवरी, वर छत, गार हवा. टेकडीचा उघडा खडक दोन्ही टोकांना थोडासाच राखून ठेवला आहे. सफापासून सुरुवात, मरवावर शेवट, एकूण सात फेऱ्या, म्हणजे साधारण तीन किलोमीटर चालणे. वाटेत एका ठिकाणी हिरवे दिवे आहेत. त्या दिव्यांच्या मधल्या टप्प्यात पुरुष धावतात, स्त्रिया नेहमीच्या चालीने चालतात.

त्या टप्प्याचे कारण बुखारी शरीफमधल्या दीर्घ हदीसमध्ये येते. हजरत इब्राहीम (अलै.) यांनी पत्नी हजरत हाजरा आणि दूधपिता मुलगा इस्माईल (अलै.) यांना या निर्जन दरीत आणून सोडले. खजुरांची एक पिशवी आणि पाण्याची एक पखाल, एवढीच शिदोरी. ते परत निघाले तेव्हा बीबी हाजरा मागोमाग आल्या. अनेकदा विचारूनही उत्तर मिळाले नाही. शेवटी त्यांनी विचारले, हा अल्लाहचा हुकूम आहे का? होय, असे उत्तर मिळाले. मग तो आम्हाला वाया जाऊ देणार नाही, असे म्हणून त्या माघारी वळल्या.

पखाल संपली. बाळ तहानेने तळमळू लागले. त्या सफावर चढल्या, कुणी दिसते का पाहिले. उतरल्या, दरीच्या सखल भागात आल्यावर वस्त्र सावरून जिवाच्या आकांताने धावल्या, मरवावर चढल्या, पुन्हा पाहिले. असे सात वेळा. आज लाखो पुरुष जिथे धावतात ती धाव एका आईची आहे.

आम्ही ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण तिथे चालताना एक साधी बाब पहिल्यांदा ध्यानात आली. अल्लाहवर एवढा भरवसा ठेवणारी ती बाई बसून राहिली नाही. तो वाया जाऊ देणार नाही, असे तोंडाने म्हटले आणि पायांनी धावली. आणि दुसरी बाब अशी की, ती जिथे धावत होती तिथे पाणी निघाले नाही. सफावर नाही, मरवावर नाही, मधल्या वाटेवरही नाही. ते निघाले बाळापाशी, जिथून ती पाणी शोधायला निघाली होती तिथे. फरिश्त्याने जमीन उकरली आणि पाणी वर आले.

फेरी चालू असताना आम्ही वही उघडली होती. सफा आणि मरवावर थांबून काबाकडे तोंड करून दुआ मागायची, तेव्हा एकेक नाव वाचायचे असे ठरवले होते. पहिल्या फेरीला नोकऱ्या आणि कर्जे, दुसरीला आजारपणे. आक्कांच्या लेकीचे नाव घेताना पत्नीचा गळा दाटला. सहाव्या फेरीच्या शेवटी, सफावर, पान उलटले तर वाकडीतिकडी अक्षरे दिसली. पुतणीची.

तिने लिहिले होते, “या अल्ला, आपल्या विहिरीला पाणी येऊ दे. आमच्या पाळीला पण.”

पुढच्याच पानावर आमची दुआ होती, दाव्याच्या निकालाची.

आम्ही वही मिटली. सातवी फेरी कशी झाली ते आठवत नाही. मरवावर पोहोचून आम्ही काहीच मागितले नाही.

* * *

त्यानंतरचे चार दिवस नमाज, तवाफ आणि आराम यात गेले. दोघांनीही एकमेकांशी त्या ओळीविषयी बोलणे टाळले. मनातल्या मनात आम्ही वकिली करत होतो. मोटर कायदेशीर आहे, वीजबिल आम्ही भरतो, पाळी तर चारच दिवसांची घेतो.

हरममध्ये जागोजागी झमझमचे गार आणि साधे पाणी भरून ठेवलेले असते. जगभरातून आलेला कुणीही येतो, पेला भरतो, पितो. पूर्वी विहिरीपर्यंत उतरायला पायऱ्या होत्या. आता तवाफची जागा वाढवल्यामुळे विहीर खालीच झाकलेली आहे आणि पंपाने पाणी वर येते. विहीर काबागृहापासून वीसेक मीटरवर आहे आणि तिची खोली सुमारे तीस मीटर. विहीर खणलेल्या शेतकऱ्याला हे आकडे ऐकून नवल वाटेल, कारण एवढ्या विहिरी आपल्या शिवारात कितीतरी आहेत. वरचा थर वाळू-गाळाचा, खाली खडक, त्याच्या भेगांतून पाणी येते. पण आपल्या विहिरी मार्चमध्ये उघड्या पडतात.

त्याच हदीसमध्ये पुढे एक प्रसंग आहे. आम्ही तो कितीदा ऐकला असेल, पण त्याकडे कधी लक्ष दिले नव्हते. जुर्हुम नावाच्या टोळीचे लोक त्या बाजूने जात होते. त्यांना आकाशात एक पक्षी घिरट्या घालताना दिसला. इथे पाणी असले पाहिजे, असे म्हणून ते आले. बीबी हाजरांना त्यांनी विचारले, आम्ही इथे राहू का? त्यांनी होकार दिला, मात्र पाण्यावर तुमची मालकी राहणार नाही, एवढे बजावले. त्यांनी ते मान्य केले. मक्का शहर वसले ते असे.

म्हणजे मालकी होती. सातबारा होता म्हणा ना. तिने हक्क सोडला नाही, पण तहानलेल्याला पाणी नाकारले नाही. ते पाणी तिच्या लेकरासाठी मागून मिळालेले होते, आणि तिने ते एकटीचे ठेवले नाही. आम्ही पेला हातात घेऊन उभे होतो. पत्नी हळूच म्हणाली, “आपल्या पोरीनं पण एवढंच मागितलंय.” ‘आपल्या पोरीनं’ हा तिचाच शब्द. सहा वर्षांत पहिल्यांदा.

* * *

पाचव्या दिवशी आमच्या गटाची ताइफची सफर होती. बस मक्केतून अराफातच्या बाजूने निघते. मग अल-हदाचा घाट लागतो. वळणावर वळणे, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी आणि वाटेत माकडांचे कळप. आम्हाला कुंभार्ली घाट आठवला, पण हा घाट झाडांवाचूनचा. वर पोहोचलो आणि अंगावर शाल घ्यावी लागली. ताइफची उंची सतराशे मीटरच्या पुढे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरहून अधिक. द्राक्षे, डाळिंबे आणि गुलाब यांसाठी हे गाव जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. डाळिंब उत्पादक म्हणून आम्ही उत्सुकतेने आलो होतो. पण या गावाचे नाव आपल्या इतिहासात वेगळ्याच कारणाने आहे.

नबुव्वतचे दहावे वर्ष. हजरत खदीजा (रजि.) आणि चुलते अबू तालिब या दोघांचाही मृत्यू झालेला. मक्केत जगणे कठीण झाले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) हजरत जैद बिन हारिसा (रजि.) यांना बरोबर घेऊन ताइफला आले. सकीफ टोळीचे तीन भाऊ इथले सरदार होते. त्यांनी ऐकून घेणे तर सोडाच, टवाळ पोरे मागे लावली. दगडांच्या माऱ्याने पाय रक्तबंबाळ झाले, पायताणे रक्ताने भरली. शेवटी एका द्राक्षमळ्याच्या आसऱ्याला ते बसले. मळ्याच्या मालकांचा ख्रिस्ती नोकर अद्दास याने त्यांच्यापुढे द्राक्षांचा घड आणून ठेवला. प्रेषितांनी अल्लाहचे नाव घेऊन खायला सुरुवात केली, तेव्हा तो चकित झाला. त्या अद्दासच्या नावाची एक लहानशी मशीद ताइफमध्ये आहे. बसमधून उतरून आम्ही तिथे थोडा वेळ थांबलो. भोवती साधी वस्ती, अंगणातली झाडे, सायकलवरची मुले.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. परतीच्या वाटेवर पर्वतांचा फरिश्ता आला. सांगाल तर या लोकांना दोन डोंगरांच्या मध्ये चिरडतो, म्हणाला. प्रेषितांनी नकार दिला. यांच्या पुढच्या पिढ्यांतून एका अल्लाहची उपासना करणारे निघतील, अशी आशा त्यांनी व्यक्त केली.

आमच्या गटाबरोबरचे मौलाना ही हकिकत सांगून थांबले आणि त्यांनी विचारले, “ही आशा कधी पुरी झाली, माहीत आहे?” आम्हाला माहीत नव्हते. ते म्हणाले, ताबडतोब नाही. हिजरी 8 मध्ये ताइफला वेढा पडला, तेव्हाही सकीफ लढतच होते. सकीफविरुद्ध बददुआ करा, असे काहींनी सुचवले, तर प्रेषितांनी त्यांना सन्मार्ग मिळावा म्हणूनच दुआ केली. हिजरी 9 मध्ये त्यांचे शिष्टमंडळ आपणहून मदीनेला आले आणि त्यांनी इस्लाम स्वीकारला. दगड खाल्ल्यापासून दहा-अकरा वर्षांनी. अल्लाहच्या सर्वांत लाडक्या प्रेषिताला दहा-अकरा वर्षे थांबावे लागले.

मग मौलानांनी दुआविषयी दोन-तीन हदीस सांगितल्या. घाई करून ‘मी मागितले पण मिळाले नाही’ असे जोवर माणूस म्हणत नाही, तोवर त्याची दुआ कबूल होत असते. आणि दुआ कधी वाया जात नाही. मागितलेले इथेच मिळते, किंवा त्याचा मोबदला आखिरतसाठी राखून ठेवला जातो, किंवा तेवढेच एखादे संकट टाळले जाते. “पण याला एक अट आहे,” मौलाना म्हणाले. “ती दुआ गुनाहची नसावी आणि नाते तोडणारी नसावी.”

नाते तोडणारी नसावी. बसमधल्या पन्नास माणसांत हे वाक्य आम्हालाच उद्देशून आहे असे वाटले. आमच्या वहीतली शेवटच्या पानावरची दुआ कोणती होती? सख्ख्या भावाला कोर्टात हरव, ही. तीही हरममध्ये मागायला आणलेली.

आणखी एक हदीस त्यांनी सांगितली. तीन दुआ नक्की कबूल होतात, आईवडिलांची, मुसाफिराची आणि ज्याच्यावर जुलूम झाला आहे त्याची. आजवर ही हदीस ऐकली की आम्ही तिघांतही स्वतःलाच पाहायचो. त्या दिवशी हिशेब वेगळा लागला. मुसाफिर आम्ही होतो खरे. पण जुलूम कुणावर झाला होता? मार्च महिन्यात ज्याच्या पाळीला गाळ येत होता त्याच्यावर. आणि आईची दुआ कोणती होती? दोन्ही लेकरे एका ताटावर बसावीत, ही. म्हणजे एक दुआ आमच्या घरासाठी मागितलेली आणि एक आमच्याविरुद्ध जाऊ शकेल अशी. या दोन्हींच्या मध्ये आम्ही मोटर लावून बसलो होतो.

अम्माची दुआ कबूल झाली नाही असे आम्ही म्हणत होतो. ती सहा वर्षे आमच्याच दारात उभी होती. आम्ही दार उघडले नव्हते.

* * *

परतीची वाट सैल-उल-कबीरवरून होती. ताइफकडून येणाऱ्यांचे मीकात ते. तिथल्या मोठ्या मशिदीत आंघोळ करून आम्ही पुन्हा इहराम बांधला आणि अम्माच्या नावाने उमऱ्याची नियत केली. मक्केत पोहोचायला रात्र झाली. तवाफ झाला, पुन्हा सफावर उभे राहिलो. वही या वेळी खोलीवरच ठेवली होती. पुतणीची ओळ पाठ होती, तीच मागितली. आपल्या विहिरीला पाणी येऊ दे. तिच्या पाळीला पण.

मग लक्षात आले की त्यातला दुसरा भाग अल्लाहकडे मागायचीही गरज नव्हती. पाणी तो देतच होता. अडवत आम्ही होतो.

अल्लाहवर भरवसा म्हणजे आपण मागावे आणि त्याने द्यावे, असे आम्ही समजत होतो. मागणाऱ्याच्या हातून त्याला काही करून घ्यायचे असेल, हे ध्यानात आले नव्हते. बीबी हाजरांनी फक्त हात वर केले नाहीत, सात वेळा धावल्या. आम्हाला एवढे धावायचेही नव्हते. अंगण ओलांडायचे होते.

मरवावर सातवी फेरी संपली. डोक्यावर केस उरलेच नव्हते, न्हाव्याने वस्तरा नुसता फिरवला. त्या रात्री आम्हाला अम्मा गेल्यानंतर पहिल्यांदा शांत झोप लागली.

* * *

गावी आलो ते झमझमचा पाच लिटरचा कॅन घेऊन. रीतीप्रमाणे लोक भेटायला आले, खजूर आणि पाणी वाटले. सगळे पांगल्यावर, इशाच्या नमाजनंतर, आम्ही एक बाटली भरली आणि दोघेही शेजारच्या दाराशी गेलो. हाक मारायला तोंड उघडेना. कडी वाजवली.

दार पुतणीने उघडले आणि आत पळाली. भाऊ बाहेर आला. उंबऱ्याच्या आत तो, बाहेर आम्ही. आम्ही म्हणालो, “जाताना तेवढं एक घर राहिलं होतं. बोललं-चाललं माफ कर.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने बाटलीकडे पाहिले आणि विचारले, “अम्माच्या नावानं केला का उमरा, भाई?”

“केला.”

“मग आत या,” तो म्हणाला.

वाचकांना वाटेल की पुढे मिठ्या मारल्या, रडलो. तसे झाले नाही. भावजयीने चहा ठेवला, तो गप्प बसून प्यालो. सहा वर्षांचे बोलणे एका चहात होत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे विहिरीवर गेलो. मोठी मोटर उतरवून जुनी बसवायची ठरली. पाळी दिवसांवर न ठेवता पाणी बघून ठेवायची, एकाचे पाणी झाले की रात्रभर विहीर भरू द्यायची, मग दुसऱ्याने मोटर चालू करायची. आम्ही डाळिंबाचा निम्मा बहर सोडून दिला. यंदा उत्पन्न कमी येईल. दावा मागे घेण्याबाबत वकिलांशी बोललो आहोत. भाऊ अजून पहिल्यासारखा बोलत नाही. कधी कधी जुना शब्द निघतो आणि दोघेही गप्प होतो. पण या रमजानमध्ये एका संध्याकाळी तो आपणहून आला आणि एका ताटावर रोजा सोडला. अम्मा दोन वर्षांपूर्वी गेली. तिची दुआ त्या संध्याकाळी जेवायला आली, असे आम्ही मानतो.

वही आम्ही जपून ठेवली आहे. शेवटचे पान फाडून टाकले. बाकीच्या दुआंपैकी एका मुलाला नोकरी लागली आहे. कुणाचे गुडघे अजून दुखतात. आक्कांच्या लेकीला अद्याप मूल नाही. आक्का भेटल्या की विचारतात, “सांगितलंत ना माझं?” आम्ही म्हणतो, “सांगितलं आक्का, दोनदा सांगितलं.” त्या मान हलवतात, पुढे जातात. आम्ही अजूनही फजरनंतर त्यांच्या लेकीचे नाव घेतो. कुठून आणि कधी द्यायचे ते देणाऱ्याला ठाऊक. मागत राहणे आमच्याकडे आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कुणी या वर्षी तिकडे निघाले असाल तर अल्लाह आपला प्रवास सुखरूप करो आणि इबादत कबूल करो. एकच विनंती आहे. निघताना माफी मागायला फिराल तेव्हा सगळ्यांत जवळच्या घरापासून सुरुवात करा. आम्ही ते घर सोडून गेलो होतो, आणि मक्का-ताइफ फिरून तिथेच परत यावे लागले.